रासायनिक नामपद्धतीचे व्याकरण : पॅरिसच्या १७८७ च्या ग्रंथाचा पुनर्विचार

१

वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध स्वाभाविक नसून सांकेतिक असतो, हे भाषाविचारातील एक सर्वपरिचित गृहीत होय. झाडाला झाडच म्हणावे असे झाडामध्ये काहीही नसते. रसायनशास्त्राने मात्र आपल्या क्षेत्रापुरते हे गृहीत बुद्धिपुरस्सर नाकारले आहे. या शास्त्रात नाव ठेवले जात नाही. ते सिद्ध केले जाते. संयुगाची संरचना ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला, ते नाव पूर्वी कधी कानावर आले नसले तरी, नियमांच्या आधारे ते बनविता यावे. आणि नाव वाचताच पदार्थाची संरचना कागदावर मांडता यावी, अशी या पद्धतीची प्रतिज्ञा आहे. तिच्यात प्रकृती आहे, प्रत्यय आहेत, उपसर्ग आहेत, सामासिक पदांतील क्रमाचे नियम आहेत. सारांश, ते एक व्याकरण आहे.

असे असता ही नामपद्धती बहुतेक विद्यार्थी व्याकरण म्हणून न शिकता शब्दांची यादी म्हणून शिकतात. मूलकांची कोष्टके पाठ होतात, 'सल्फेट' व 'सल्फाइट' यांची सूत्रे वेगवेगळी लक्षात ठेवली जातात आणि परीक्षा संपताच दोहोंची अदलाबदल होते. हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या आळसाचा किंवा अध्यापनाच्या घाईचा मानणे पुरेसे नाही. त्याचे एक मूळ खुद्द या पद्धतीच्या जन्मग्रंथात, त्या ग्रंथाने दिलेल्या एका अतिव्याप्त आश्वासनात आहे. ते आश्वासन कोणते, त्यातील कोणता भाग टिकला आणि कोणता ढासळला, याचा निर्णय झाल्याशिवाय नियम कसे शिकावेत या प्रश्नाचे, आणि मराठीत रसायनशास्त्राची परिभाषा कशी असावी या जुन्या वादाचेही, समाधानकारक उत्तर मिळणार नाही.

२

हा जन्मग्रंथ म्हणजे १७८७ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेला 'रासायनिक नामकरणाची पद्धती' हा फ्रेंच ग्रंथ. गीताँ द मोर्व्हो, लाव्हाझ्ये, बेर्तोले आणि फूरक्र्वा हे त्याचे चार कर्ते. यांपैकी गीताँ हा व्यवसायाने दिजाँचा कायदेपंडित. नामकरणाच्या सुधारणेविषयी त्याने १७८२ मध्येच स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता. परंतु त्या वेळी तो फ्लॉजिस्टन सिद्धांताचा अनुयायी होता. १७८७ च्या आरंभी तो पॅरिसला आला, लाव्हाझ्येच्या नव्या ज्वलनसिद्धांताकडे वळला आणि नामकरणाची सुधारणा व सिद्धांताची क्रांती ही दोन भिन्न कार्ये एका ग्रंथात एकवटली. या एकवटण्यातच ग्रंथाचे सामर्थ्य आहे आणि त्याचे वैगुण्यही.

तत्पूर्वीची नावे विविध वाटांनी आली होती. अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले, गंधकाचे यकृत, ग्लाउबरचे मीठ अशी ती नावे. काही रूपावरून, काही चवीवरून, काही शोधकावरून, काही स्थळावरून पडलेली. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, टाकणखार, शेंदूर ही बाजारातील नावे याच जातीची आहेत. भारतीय शब्दविचारातील जुनी परिभाषा वापरावयाची तर हे बहुतांशी रूढ शब्द होत. त्यांचा अर्थ अवयवांवरून कळत नाही, व्यवहारावरून कळतो. अशा शब्दांचा उपहास करण्याचे कारण नाही. दुकानात मोरचूद मागणाऱ्या शेतकऱ्याला हवा तोच पदार्थ मिळतो. नावाचे तेवढे काम तेथे पुरे होते. परंतु मोरचूद आणि हिराकस हे एकाच आम्लाचे, एक तांब्याचे व दुसरे लोखंडाचे, लवण आहे ही सगोत्रता त्या नावांतून कोणालाही उमगणार नाही. कॉपर सल्फेट व आयर्न सल्फेट म्हणताच ती प्रकट होते. रूढ शब्दांच्या जागी यौगिक शब्द, म्हणजे अवयवार्थाने सिद्ध होणारे शब्द, आणणे हाच चौघांचा संकल्प होता.

ग्रंथाची मांडणीही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८ एप्रिल १७८७ रोजी लाव्हाझ्येने विज्ञान अकादमीपुढे वाचलेला निबंध तत्त्वाची भूमिका मांडतो. गीताँचा निबंध त्या तत्त्वाचा विनियोग दाखवितो. फूरक्र्वाचा निबंध मोठ्या घडीच्या तक्त्याचे विवरण करतो. तक्त्याच्या पहिल्या स्तंभात ज्यांचे विघटन झालेले नाही असे ५५ पदार्थ आहेत आणि पुढील स्तंभांत त्यांपासून होणाऱ्या संयुगांची नावे क्रमाने निष्पन्न झाली आहेत. त्यानंतर जुन्या व नव्या नावांचा दुहेरी कोश येतो. तत्त्वतः या कोशाची गरज नसावी; कारण नवी भाषा स्वयंसिद्ध असेल तर तिला शब्दकोश कशाला? परंतु कर्त्यांनी तो जोडला, आणि त्यातच त्यांचा व्यवहारविवेक दिसतो. नियम कितीही शुद्ध असले तरी शिकणारा मनुष्य जुन्या भाषेतून नव्या भाषेत येत असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढच्या काळातील पाठ्यपुस्तकांनी तक्ता उचलला आणि हा विवेक मात्र पुष्कळदा मागे ठेवला.

३

लाव्हाझ्येच्या निबंधामागे कोंदिय्याक या तत्त्वज्ञाचा भाषाविचार उभा आहे. भाषा हे विश्लेषणाचे साधन होय. म्हणून भाषा सुधारली की शास्त्र सुधारते आणि शास्त्र सुधारावयाचे तर भाषा सुधारावीच लागते, असा त्या विचाराचा आशय. १७८९ च्या आपल्या मूलभूत रसायनग्रंथाच्या प्रस्तावनेत लाव्हाझ्येने याच मुद्द्याचा विस्तार केला असून, नामकरणाचे विवेचन करावयास बसलो असता हातून रसायनाचाच ग्रंथ घडला, अशा आशयाचे निवेदन केले आहे. येथवर आक्षेपास जागा नाही. परंतु या विचाराला आणखी एक पायरी जोडली गेली. शब्दाने कल्पना जागी करावी आणि कल्पनेने वस्तुस्थितीचे चित्र दाखवावे, ही अपेक्षा जेव्हा प्रत्येक धातूस, म्हणजे प्रत्येक मूळ शब्दास, लावली गेली तेव्हा नाव हे सत्याचे प्रमाणपत्र ठरले. वर निर्दिष्ट केलेले अतिव्याप्त आश्वासन ते हेच.

'ऑक्सिजन' हा शब्द त्याचे ठळक उदाहरण. ग्रीक अवयवांप्रमाणे त्याचा अर्थ आम्लजनक. सर्व आम्लांच्या ठिकाणी हा घटक असतोच, या सिद्धांतावर तो शब्द उभारलेला आहे. मिठापासून मिळणाऱ्या म्युरिअ‍ॅटिक आम्लात ऑक्सिजन सापडला नव्हता. तरीही सिद्धांताच्या बळावर तक्त्यात 'म्युरिअ‍ॅटिक मूलक' अशा एका अज्ञात पदार्थाची योजना करण्यात आली. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने या आम्लाशी संबद्ध असलेला हिरवट पिवळा वायू ऑक्सिजनचे संयुग नसून स्वतंत्र मूलद्रव्य आहे असे प्रतिपादन केले, आणि त्याला 'क्लोरीन' हे नाव दिले. या नावाची निवड अर्थपूर्ण आहे. ते केवळ रंगावरून घेतले आहे. सिद्धांत उद्या बदलला तरी ते खोटे पडू नये, ही त्यामागील दृष्टी. म्हणजे ज्या रूपवाचक नावांची १७८७ च्या कर्त्यांनी हकालपट्टी केली होती, त्यांतीलच एक रीत तेवीस वर्षांनी सावधगिरी म्हणून परत आली.

ऑक्सिजन हे नाव मात्र तसेच राहिले. 'कुशल' या शब्दाचा अवयवार्थ कुश तोडणारा; पण सुताराला कुशल म्हणताना कोणाच्याही मनात दर्भ येत नाही. ऑक्सिजनचे तसेच झाले. यौगिक म्हणून जन्मलेला शब्द रूढ होऊन बसला आणि रूढ झाल्यामुळेच वाचला. त्याचा अवयवार्थ जागा राहिला असता तर प्रत्येक पिढीला एक चुकीचा सिद्धांत त्याबरोबर गिळावा लागला असता.

मग ग्रंथातील टिकाऊ अंश कोणता? तो धातूंत नसून प्रत्ययांत आहे. एकाच मूलद्रव्याच्या दोन आम्लांपैकी ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असलेल्यास एक प्रत्यय आणि कमी असलेल्यास दुसरा. आणि त्या त्या आम्लाच्या लवणासही ठराविक जोड प्रत्यय, ही योजना आजही जिवंत आहे. सल्फ्युरिक आम्लाचे सल्फेट, सल्फ्युरस आम्लाचे सल्फाइट. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे चार अणू आहेत, तर नायट्रेटमध्ये तीनच. सल्फाइटमध्ये तीन, तर नायट्राइटमध्ये दोन. म्हणून 'एट' म्हणजे चार असे पाठ करणारा विद्यार्थी दुसऱ्याच उदाहरणाला ठेचाळतो. हे प्रत्यय संख्या सांगत नाहीत. ते तुलना सांगतात. मराठी-संस्कृतातील तर-तम भावाशी त्यांचे नाते आहे. 'उच्चतर' या शब्दावरून उंची किती हे कळत नाही. कोणापेक्षा तरी अधिक, एवढेच कळते. क्लोरीनच्या मालिकेत दोन पायऱ्या अपुऱ्या पडल्या तेव्हा दोन्ही टोकांना उपसर्ग जोडण्यात आले आणि हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट अशी एक, दोन, तीन, चार ऑक्सिजन अणूंची पायरी तयार झाली. हा संबंध एकदा कळला की चार नावे पाठ करावी लागत नाहीत. एक रीत ध्यानात ठेवावी लागते.

धातूंच्या बाबतीत मात्र तुलनावाचक प्रत्ययांची मर्यादा उघड झाली. फेरिक म्हणजे लोखंडाची तीन ही स्थिती, तर क्युप्रिक म्हणजे तांब्याची दोन. तुलना दोन्हीकडे खरी, पण नावावरून अंक निघत नाही. १९१९ मध्ये आल्फ्रेड श्टॉक याने मूलद्रव्याच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिण्याची सूचना केली ती याच अडचणीतून. सापेक्ष प्रत्ययाच्या जागी निरपेक्ष अंक आला. या दोन पद्धती विद्यार्थ्यापुढे केवळ जुनी व नवी म्हणून ठेवल्या जातात. एक तुलना सांगते व दुसरी मूल्य सांगते, हा त्यांतील खरा भेद सांगितला जात नाही.

४

कार्बनी संयुगांच्या क्षेत्रात प्रश्न अधिक बिकट झाला, कारण तेथे घटक थोडे आणि रचना अगणित. १८९२ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या परिषदेने संरचनेवर आधारलेल्या नावांचे नियम ठरविले; १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रसायन संघाने हे कार्य पुढे चालविले आणि त्याच्या शिफारशींची विस्तृत आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. या इतिहासातून एक गोष्ट निर्विवाद दिसते : हे नियम निसर्गाचे नियम नसून विद्वानांनी केलेले निर्णय आहेत.

प्रारंभीचे शब्दच पाहावेत. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन ही पहिली चार नावे रूढ आहेत. 'मिथिल' मध्ये ग्रीक मद्य व लाकूड दडले आहे, तर 'ब्युट' मध्ये लॅटिन लोणी. पाचव्यापासून संख्या सुरू होते : पेंट, हेक्स, हेप्ट, ऑक्ट, डेक. हे शब्द पंच, षट्, सप्त, अष्ट, दश यांचे सगोत्र होत. नवव्या जागी येणारा लॅटिन 'नोन' हाही नव या शब्दाचा आप्तच. ही सगोत्रता वर्गात सांगितल्यास मराठी विद्यार्थ्याला पाठांतर फारसे उरत नाही. मेंडेलेएव्हने १८७१ मध्ये अज्ञात मूलद्रव्यांचे भाकीत करताना त्यांना 'एका-अ‍ॅल्युमिनियम', 'एका-बोरॉन', 'एका-सिलिकॉन' अशी नावे दिली होती. या शास्त्राला संस्कृत संख्याशब्द सर्वस्वी परके नाहीत.

प्रत्ययांच्या बाबतीत देवनागरी लिपीने मराठी विद्यार्थ्याची एक मोठी सोय करून ठेवली आहे. हेक्सेन, हेक्सीन, हेक्साइन या तीन नावांतील सर्व रासायनिक भेद एका स्वरावर तोललेला आहे : एकेरी बंध, दुहेरी बंध, तिहेरी बंध. मात्रा चुकली तर पदार्थ बदलतो. ऱ्हस्वदीर्घाची उपेक्षा करणाऱ्याला कवितेत फार तर वृत्तभंगाचा दोष लागतो. येथे मात्रेच्या चुकीने वेगळेच संयुग हाती येते. सल्फाइट व सल्फाइड यांतील ट आणि ड यांचा भेदही तितकाच निर्णायक आहे.

तथापि प्रत्येक नियम काही तरी राखतो आणि काही तरी सोडतो. याचे उत्कृष्ट उदाहरण मुख्य शृंखला निवडण्याच्या नियमात सापडते. सात कार्बन अणूंचे एक संयुग घ्यावे, ज्यात दुहेरी बंध टोकाच्या अणूस सहा अणूंच्या साखळीतील तिसऱ्या अणूशी जोडतो. जुन्या नियमाप्रमाणे मुख्य शृंखलेत दुहेरी बंध आलाच पाहिजे. म्हणून ती पाच अणूंची धरून नाव होते २-इथिलपेंट-१-ईन. २०१३ च्या शिफारशींप्रमाणे शृंखलेची लांबी प्रथम पाहावयाची. म्हणून नाव होते ३-मिथिलिडीनहेक्सेन. पदार्थात तिळमात्र फरक झालेला नाही. परंतु पहिल्या नावाचा अंत्य प्रत्यय दुहेरी बंधाची, म्हणजेच पदार्थाच्या रासायनिक वर्तनाची, ग्वाही देतो. दुसऱ्या नावात सांगाड्याला अग्रमान मिळतो आणि वर्तनाची खूण मधल्या पदात लपते. नवा नियम अधिक एकविध आहे. जुना अधिक बोलका होता. यांपैकी काय श्रेयस्कर, हा मूल्यविवेकाचा प्रश्न आहे आणि तो विद्यार्थ्यापुढे मांडला जाणे हेच खरे नियमशिक्षण होय. ज्याने केवळ उत्तर पाठ केले त्याची विद्या नियम बदलताच कालबाह्य होते. ज्याने निवडीचे कारण जाणले त्याला नवा नियम हा जुन्याचा सुबोध पर्याय वाटतो.

अपवादांचेही असेच. २०१३ च्या शिफारशींत अ‍ॅसिटिक आम्ल हे जुने नावच पसंतीचे म्हणून राखले आहे, तर अ‍ॅसिटोनसाठी मात्र प्रोपेन-२-ओन हे पद्धतशीर नाव पसंतीचे ठरविले आहे. वरवर पाहता ही विसंगती वाटते. पाणिनीय परंपरेच्या अभ्यासकाला तिचे आश्चर्य वाटणार नाही. उत्सर्ग आणि अपवाद यांच्याबरोबरच निपातन, म्हणजे नियमाने सिद्ध न करता तयार रूपच ग्राह्य मानणे, हीही व्याकरणाची एक मान्य युक्ती आहे. भाषा आधी असते आणि व्याकरण मागून येते. प्रयोगात दृढ झालेल्या रूपापुढे शास्त्रकारालाही नमावे लागते. जिवंत भाषेचे व्याकरण निरपवाद नसते, आणि रासायनिक नामपद्धती ही जिवंत भाषा असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

५

या विवेचनाच्या प्रकाशात मराठी परिभाषेच्या वादाकडे वळणे इष्ट होईल. हा वाद प्रायः धातूंवर, म्हणजे मूलद्रव्यांच्या नावांवर, केंद्रित झाला. प्राणवायू की ऑक्सिजन, कर्ब की कार्बन, हा त्याचा नित्याचा विषय. मराठीत 'कर्बद्विप्राणिद' यासारखी रूपे घडली. हिंदीच्या क्षेत्रात डॉ. रघुवीर यांनी जारक, उदजन, भूयाति, प्रांगार अशी संपूर्ण संस्कृतोद्भव मालिका उभी केली. पुढे १९६१ मध्ये केंद्र शासनाने स्थापन केलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतर करून तशीच ठेवावीत हे तत्त्व स्वीकारले, आणि आजचा व्यवहार बहुतांशी त्यास अनुसरून आहे.

रघुवीरांच्या प्रयत्नाचे मूल्यमापन बहुधा उपहासाने केले जाते, ते न्याय्य नव्हे. त्यांची दृष्टी व्याकरणाची होती. एकेक शब्द न घडविता शब्द घडविणारी यंत्रणा उभारावी, हे त्यांना नेमके उमगले होते आणि या बाबतीत ते १७८७ च्या कर्त्यांचे खरे वारसदार ठरतात. परंतु त्या कर्त्यांचा भ्रमही त्यांच्याकडे वारशाने आला. धातूचा अवयवार्थ ओळखीचा असला म्हणजे पदार्थाचे आकलन सुलभ होईल, हे ते गृहीत. ऑक्सिजनचा इतिहास या गृहीताच्या विरुद्ध साक्ष देतो. 'प्राणवायू' हा शब्द श्वसनाच्या संदर्भात सुंदर आहे. पण लोखंडाच्या गंजात प्राण शोधू लागल्यास विद्यार्थ्याची दिशाभूलच होईल. 'कर्बद्विप्राणिद' हे नाव वापरात चालते ते त्यातील 'प्राण' ऐकू येईनासा होतो तेव्हाच.

जर्मन भाषेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या भाषेने ऑक्सिजनला 'साउअरश्टॉफ' आणि हायड्रोजनला 'वासरश्टॉफ' अशी देशी नावे दिली. पहिल्यात तर आम्लाचा जुना भ्रमही जसाच्या तसा भाषांतरित झाला. तरीही संयुगांच्या नावांत ऑक्साइड, सल्फेट, क्लोराइड हे प्रत्यय तिने आंतरराष्ट्रीयच ठेवले. देशी धातूंमुळे जर्मन रसायनशास्त्राचे काही अडले नाही आणि परकीय प्रत्ययांमुळे जर्मन भाषेचे काही उणे झाले नाही. जर्मनमध्ये रसायनशास्त्र बहरले ते मूलद्रव्यांच्या नावांमुळे नव्हे. त्या भाषेत प्रयोगांची वर्णने लिहिली गेली, सिद्धांतांचे खंडनमंडन झाले, नियमांची कारणे वादविवादातून तावून सुलाखून निघाली, म्हणून.

मराठीपुढील खरा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. संयुगांची नावे आंतरराष्ट्रीय स्वीकारण्याचा निर्णय योग्यच होता. परंतु त्याने कार्य संपले असे मानले गेले. नाव लिप्यंतराने आणता येते, नियमामागील युक्तिवाद लिप्यंतराने आणता येत नाही. सल्फेट हा शब्द मराठी वाक्यात सहज बसतो. पण त्या शब्दाच्या शेवटी 'एट' का आला, तो संख्या का सांगत नाही, अ‍ॅसिटिक आम्लाला सूट का आणि अ‍ॅसिटोनला का नाही, मुख्य शृंखला निवडताना लांबीला अग्रक्रम देऊन काय गमावले, हे सांगणारी मराठी वाक्ये पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाहीत. त्यांच्या जागी आज्ञार्थी क्रियापदे असतात : निवडा, क्रमांक द्या, जोडा. कारण न सांगता दिलेली आज्ञा पाठांतराखेरीज दुसरे काय निर्माण करणार? अशा शिक्षणात विद्यार्थ्याची भाषा कृतीपुरती उरते आणि विचारासाठी त्याला दुसऱ्या भाषेच्या दाराशी उभे राहावे लागते.

म्हणून रासायनिक नामपद्धतीच्या अध्यापनात भाराची जागा बदलणे अगत्याचे आहे. धातूंवरील आग्रह सैल करावा, प्रत्ययांचा अर्थ तुलनेच्या अंगाने स्पष्ट करावा, आणि प्रत्येक नियमाबरोबर तो कोणत्या अडचणीतून जन्मला व त्याने काय बाजूस सारले हे दोन वाक्यांत का होईना सांगावे. रूढ, यौगिक, उत्सर्ग, अपवाद, निपातन ही परिभाषा मराठी विद्यापीठांत परकी नाही. व्याकरणाच्या वर्गातून ती रसायनाच्या वर्गात नेण्यास कोणताही अडसर नाही. १७८७ च्या चौघांनी नावातून वस्तूचे सत्य प्रकट होईल अशी आशा बाळगली. ती फळास आली नाही. नावांतील परस्परसंबंध प्रकट करण्याची त्यांची रीत मात्र दोन शतकांहून अधिक काळ टिकून राहिली. ही रीत आपल्या भाषेत समजावून सांगता येईल तेवढ्यापुरतेच हे शास्त्र मराठीत आले असे म्हणता येईल.